तळ्याखालचे प्लास्टिक

तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल शेततळे खोदले, त्याच्या उतरत्या बाजू आणि तळ धरून, कडेच्या चरात गाडायला थोडे जास्तीचे घेऊन, पाचशे मायक्रॉन जाडीचा कागद अंथरला, तर त्या एका तळ्यात साधारण अर्धा टन प्लास्टिक जाते. तळे भरले की त्यात वीस लाख लिटरच्या आसपास पाणी मावते. भारतात माणशी वर्षाला अकरा किलो प्लास्टिक लागते, असे दहा वर्षांपूर्वीचे, पण आजही सर्रास वापरले जाणारे अनुमान आहे. त्याच हिशेबात जगाची सरासरी अठ्ठावीस किलो आणि अमेरिकेची एकशे नऊ किलो धरलेली आहे. म्हणजे जालना जिल्ह्यातला एक मोसंबीवाला तळ्याला कागद घालतो तेव्हा एका दिवसात पंचेचाळीस भारतीयांचा वर्षभराचा वाटा तो जमिनीत उतरवतो. हा आकडा त्याच्या चैनीचा नाही. पिशव्या, बाटल्या आणि वेष्टणे मोजून तयार झालेल्या सरासरीत त्याची गरज दिसतच नाही. प्लास्टिकच्या मागणीचा इतिहास शहरीकरण आणि उत्पन्नवाढ यांच्या आलेखांवर लिहिण्याची पद्धत आहे. जालन्याचा इतिहास त्या आलेखात बसत नाही, कारण इथली मागणी पाण्याच्या टंचाईने घडवली. आणि ती पुरवणारे कारखाने कुठे, कशापासून आणि किती क्षमतेचे उभे राहावेत हे ठरले, त्या प्रत्येक वेळी हा जिल्हा हिशेबाबाहेर राहिला.

मुळात हा प्रदेश पाणी धरून ठेवणारा नाही. खाली बेसॉल्टचा कातळ, वर मुरूम, त्यावर कुठे हातभर तर कुठे चार हात काळी माती. पाऊस सरासरी सातशे मिलिमीटरच्या आतबाहेर, तोही लहरी. कातळाच्या भेगांत मावेल तेवढेच भूजल. दक्षिणेकडच्या अंबड, घनसावंगी, परतूर या तालुक्यांतल्या काही गावांना जायकवाडीच्या डाव्या कालव्याचा आधार मिळाला. भोकरदन, जाफराबाद, बदनापूर, मंठा यांच्या वाट्याला मुख्यतः विहिरीच आल्या. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात लाखो माणसे खडी फोडायला आणि पाझर तलावांच्या कामावर गेली. त्या तलावांची कल्पना भूगर्भाला धरून होती: पाणी वर साठवायचे नाही, जमिनीत मुरवायचे आणि खालच्या विहिरींना द्यायचे. मात्र मुरलेले पाणी कुणाच्या विहिरीत निघेल, याची खात्री कुणी देऊ शकत नव्हते. विहिरीतून पिकापर्यंत पाणी न्यायला मातीचा दंड होता आणि त्यात वाटेतच बरेचसे जिरून जाई. लोखंडी पाइप महाग, सिमेंटचा जड आणि जोडांतून गळणारा. पाणी एका जागी धरून ठेवणारे आणि दुसऱ्या जागी न गळता नेणारे स्वस्त साहित्य या जिल्ह्याला हवे होते. ते कोणत्या रसायनाचे असेल याची कल्पना त्या वेळी इथे कुणाला नव्हती.

ते साहित्य तेव्हा तीनचारशे किलोमीटरवर, मुंबईच्या खाडीकाठी तयार होत होते. देशात पॉलिस्टायरीन १९५७ मध्ये मुंबईच्या पॉलिकेमने सुरू केले. पॉलिथिलीन १९५९ मध्ये बंगालमधल्या रिशड्यात निघाले, तेही मळीपासून काढलेल्या अल्कोहोलचे इथिलीन करून. परकीय चलनाची चणचण असलेल्या देशात साखर कारखान्यांची मळी हाच पहिला कच्चा माल होता, ही गोष्ट आज विस्मरणात गेली आहे. साठच्या दशकात युनियन कार्बाइड ट्रॉम्ब्यात आणि मफतलालांची नोसिल ठाणे-बेलापूर रस्त्यावर आली, आणि उद्योग मळीकडून नाफ्त्याकडे वळला. १९६८ मध्ये सुरू झालेल्या नोसिलच्या क्रॅकरची, म्हणजे नाफ्ता फोडून इथिलीन काढणाऱ्या संयंत्राची, क्षमता वर्षाला साठ हजार टन इथिलीनची होती आणि त्या काळी ती मोठी मानली जाई. अर्धशतकानंतर जामनगरला उभ्या राहिलेल्या एकाच क्रॅकरची क्षमता पंधरा लाख टन आहे. साठ हजार टनांच्या त्या जमान्यात प्लास्टिकचा दाणा परवान्याने मिळे, त्यावर अबकारी कर जबर आणि आयातीवर जकात त्याहून जबर. सरकारच्या दृष्टीने प्लास्टिक ही शहरी, जवळजवळ चैनीची वस्तू होती: बादली, कंगवा, रेडिओचे खोके, विजेच्या तारेवरचे आवरण. शेतीसाठी ते कुणाच्या मनात नव्हते.

क्षमता वाढली तेव्हा गिऱ्हाईक शोधावे लागले, आणि शेतीकडे नजर गेली ती अशी. सार्वजनिक क्षेत्रातली आयपीसीएल १९६९ मध्ये स्थापन झाली, वडोदऱ्याचा तिचा क्रॅकर सत्तरच्या दशकाअखेर चालू झाला. १९७४ मध्ये बॉम्बे हायला तेल लागले, वायूही निघाला, आणि उरणहून आणलेल्या त्या वायूतला इथेन-प्रोपेन फोडण्यासाठी रायगड जिल्ह्यात नागोठण्याला तीन लाख टन इथिलीनच्या क्षमतेचा प्रकल्प आखला गेला. याच काळात, १९८१ च्या मार्चमध्ये, केंद्र सरकारने शेतीतील प्लास्टिकच्या वापरासाठी राष्ट्रीय समिती नेमली. ती कृषी मंत्रालयाने नेमली नव्हती. पेट्रोलियम, रसायने व खते मंत्रालयाने नेमली होती. कृषी मंत्रालयाकडे ती पुढे, नव्वदच्या दशकात गेली. मला हा तपशील फार बोलका वाटतो. समितीने ठिबक, आच्छादन, अस्तरीकरण, हरितगृहे यांचा पाया घातला आणि ते काम मोलाचे आहे. पण शेतकऱ्याला किती पाणी वाचवायचे आहे, या प्रश्नापासून ती निघाली नव्हती. वाढत्या दाण्याला बाजार कुठे मिळेल, या प्रश्नाने तिला जन्म दिला होता. समिती नेमली गेल्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १ मे १९८१ रोजी, औरंगाबाद आणि परभणीतून तालुके काढून जालना हा वेगळा जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याच्या गरजा आणि त्या समितीची कागदपत्रे यांची गाठ पडायला आणखी पंचवीस वर्षे जायची होती. नागोठण्याच्या क्षमतेची किंमत दुसऱ्याच माणसांनी मोजली. नोव्हेंबर १९९० मध्ये तिथे वायुगळती होऊन झालेल्या स्फोटात तीसहून अधिक माणसे गेली. जालन्याच्या शेतापर्यंत येणाऱ्या नळीच्या हिशेबात ती माणसेही धरली पाहिजेत.

मधल्या काळात मागणी तयार केली ती धोरणाने कमी आणि खानदेश-कोकणातल्या उद्योगांनी जास्त. जळगावला भवरलाल जैन यांनी १९८० मध्ये पीव्हीसी पाइप बनवायला घेतले आणि त्या दशकाच्या अखेरीस ठिबककडे वळले. इस्रायलमध्ये साठच्या दशकात बाजारात आलेले हे तंत्र त्यांनी केळीच्या बागेत बसवून दाखवले. पुण्याच्या फिनोलेक्सने नव्वदच्या दशकात रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पीव्हीसी रेझिनचा कारखाना टाकला. त्याचा कच्चा माल जहाजाने येतो, म्हणून जागा समुद्रकाठची. जालन्यात त्या वेळी वेगळीच भरभराट चालू होती. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको काढली, तिच्यामागून बियाण्यांच्या अनेक कंपन्या आल्या, आणि संकरित बियाण्याने कापसाची व भाजीपाल्याची शेती पाण्याला अधिक हपापलेली केली. मोसंबीने तर पाण्याची बांधीलकी बारमाही केली. कापूस एका हंगामात बुडाला तर पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येतो. मोसंबीचे झाड मेले की ते मोठे करण्यात घातलेली पाचसहा वर्षे मरतात. त्यामुळे ठिबकच्या लॅटरल आणि त्यांना पाणी देणारी पीव्हीसीची मुख्य नळी इथे आधी फळबागांत शिरली. २००५ मध्ये राष्ट्रीय फलोत्पादन अभियान सुरू झाले, त्यातून सामूहिक शेततळ्यांना अस्तरासह अनुदान मिळू लागले आणि मुरमाड माळावर पाणी उभे राहण्याची सोय झाली.

खरी परीक्षा २०१२-१३ ला झाली. त्या दुष्काळात जालना हा राज्यातल्या सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. शहराला नळाचे पाणी कित्येक दिवसांनी येई, गावोगाव टँकर, प्रत्येक दारापुढे निळी-काळी प्लास्टिकची पिंपे. मोसंबीच्या बागा हजारो हेक्टरवर वाळल्या. शेतकऱ्यांनी आपल्या हातांनी झाडे तोडून सरपण केले. त्याच जिल्ह्यात, जालन्यापासून फार दूर नसलेल्या कडवंचीत द्राक्षबागा तगल्या. कडवंचीचे यश एकट्या प्लास्टिकचे मुळीच नाही. तिथे १९९६ पासून इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात मराठवाडा शेती साहाय्य मंडळाने माथ्यापासून पायथ्यापर्यंत समतल चर, बांधबंदिस्ती, नाल्यांवरचे बांध अशी कामे गावकऱ्यांबरोबर केली होती. पाणी आधी जमिनीत मुरवले गेले, आणि त्यानंतर शेतकऱ्यांनी शेकडो शेततळ्यांतून ते जपून वापरले. हा क्रम महत्त्वाचा आहे. पण क्रम मान्य करूनही एक गोष्ट उरते: उन्हाळ्याच्या शेवटच्या अडीच महिन्यांत, विहिरी तळाला गेल्यावर, वेलीला रोज मोजून पाणी देता आले ते कागदावर उभ्या राहिलेल्या पाण्यातून आणि प्लास्टिकच्या नळीतून. मुरुमात खोदलेले उघडे तळे हे काम करू शकत नाही. पाणी त्यात टिकत नाही.

म्हणूनच २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेची रचना मला अपुरी वाटते. पन्नास हजार रुपयांपर्यंतचे अनुदान खोदाईसाठी होते. अस्तरीकरणाचा खर्च त्यात धरलेला नव्हता. ज्याची ऐपत होती त्याने कागद घातला, ज्याची नव्हती त्याचे तळे दिवाळीनंतर कोरडे पडले. प्लास्टिक ही गोष्ट सधन आणि गरीब शेतकऱ्याला वेगळे करणारी रेषा झाली. यावर पाण्याच्या अभ्यासकांचा आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. ते म्हणतात, कागद घातलेल्या तळ्यात पावसाचे पाणी येतच नाही, कारण त्याचे काठ जमिनीपासून उचललेले असतात. शेतकरी विहीर आणि बोअरचे पाणी उपसून त्यात भरतो, ते उन्हात तापून उडते, आणि सगळ्यांचे भूजल एकाच्या तळ्यात बंदिस्त होते. बऱ्याच ठिकाणी हे घडले आहे, हे खरे. मात्र या आक्षेपाचा रोख उपशाच्या नियमनाकडे असायला हवा. ज्या गावाने पाणलोट आधी केला आणि उपशाला मर्यादा घातली तिथे तोच कागद राखण करतो. ज्या गावाने केले नाही तिथे तो लुटीचे साधन होतो. कागद काढून टाकल्याने बोअर थांबत नाहीत. बोअरचे पाणी पुन्हा मातीच्या दंडातून सोडले जाईल एवढेच. शिवाय कागद फक्त सधनाच्या आवाक्यात ठेवला की भूजल बंदिस्त करण्याची ताकदही त्याच्याच हाती राहते, आणि अभ्यासकांना नको असलेली विषमता वाढते.

इथपर्यंतची गोष्ट महाराष्ट्राची झाली. पण ज्या वर्षांत जालन्याची मागणी वाढत होती, त्याच वर्षांत जगातली क्षमता जागा बदलत होती. १९५० मध्ये जगभर वीस लाख टनांच्या आसपास प्लास्टिक तयार होई. २०१९ मध्ये शेहेचाळीस कोटी टन वापरले गेले. आधी ही क्षमता मुख्यतः युरोप-अमेरिकेकडे होती. १९७३ च्या तेलसंकटानंतर सौदी अरेबियाने १९७६ मध्ये साबिक ही कंपनी स्थापन केली आणि तेलविहिरींवर जळून वाया जाणारा वायू जुबैलमध्ये दाण्यात बदलू लागला. २०१० नंतर अमेरिकेच्या खडकवायूने तिथले इथेन अतिशय स्वस्त केले आणि टेक्सास-लुईझियानाच्या किनाऱ्यावर नवे कारखाने आले. चीनने तिसरा मार्ग धरला. त्याच्याकडे तेल कमी, कोळसा मुबलक. म्हणून शिनजियांग आणि अंतर्गत मंगोलियात कोळसा आणि चुनखडीपासून कार्बाइड करून त्यातून पीव्हीसी. आज जगातले जवळपास एक तृतीयांश प्लास्टिक एकट्या चीनमध्ये बनते. एके काळी पाव हिश्शाच्या आसपास असलेला युरोप बारा टक्क्यांवर आला आहे आणि तिथले जुने क्रॅकर बंद होत आहेत. फ्रान्समधला आपला क्रॅकर बंद करत असल्याचे एक्सॉनमोबिलने २०२४ मध्ये जाहीर केले. भारताची गोष्ट यात विषम आहे. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिलीनची क्षमता हजिरा, जामनगर, हल्दिया, दहेज अशी वाढत गेली. पण पीव्हीसीची, म्हणजे नेमक्या शेतीच्या नळीची, वर्षाला पंधरा लाख टनांच्या आसपास अडकून राहिली आणि मागणी चाळीस लाख टनांपलीकडे गेली. उरलेला माल परदेशातून येतो.

ही तूट कागदावरचा आकडा नाही, हे २०२०-२१ मध्ये कळले. ऑगस्ट २०२० मध्ये लॉरा हे चक्रीवादळ लुईझियानाच्या लेक चार्ल्सवर आदळले. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात अभूतपूर्व थंडी पडली, वीज गेली, आणि अमेरिकेची बहुतांश पीव्हीसी क्षमता एकाच आठवड्यात बंद पडली. ऑगस्टमध्ये पुन्हा आयडा वादळ. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये चीनमध्ये वीजकपात, आणि कार्बाइडच्या भट्ट्या विजेवर चालणाऱ्या. २०२१ च्या दिवाळीपर्यंत भारतातला पीव्हीसीचा भाव २०२० च्या मध्याच्या दुपटीवर पोहोचला, आणि पुढच्या वर्षी पुन्हा कोसळला. बदनापूरच्या शेतकऱ्याला पाइपलाइन करायची होती त्याच हंगामात ती दुप्पट महाग झाली. ठिबकचे अनुदान ठरीव मापदंडावर चालते, बाजारभावावर नाही. म्हणजे भाव चढला की चढलेला सगळा भाग शेतकऱ्याच्या अंगावर येतो. व्यापाऱ्याला भाव उतरण्याची वाट पाहता येते. हस्त बहार धरलेल्या बागेला पाणी थांबवून वाट पाहता येत नाही.

यावर सरळ उत्तर दिले जाते की देशातच क्षमता उभारा. ते अर्धेच बरोबर आहे. मुंद्र्याला दहा लाख टनांचा पीव्हीसीचा पहिला टप्पा उभा राहतो आहे, तोही कोळशाच्या वाटेने. महाराष्ट्रात रत्नागिरीच्या नाणारला नियोजित असलेल्या प्रचंड रिफायनरीचे भूसंपादन कोकणातल्या विरोधामुळे २०१९ मध्ये रद्द झाले. आंब्याच्या बागा आणि मासेमारी धोक्यात घालून मराठवाड्याला दाणा मिळावा, असे म्हणण्याचा अधिकार मराठवाड्याला नाही, आणि नागोठण्यानंतर तर नाहीच. पण त्याहून मोठा मुद्दा भावाचा आहे. देशातले उत्पादक आपला दर आयात मालाच्या किमतीला धरून ठरवतात. नवी क्षमता आली तर टंचाई कमी होईल, जहाज अडकल्याने माल संपणार नाही. पण टेक्सासातल्या थंडीचा भाव तरीही जालन्यात लागेल. शिवाय क्षमता उभारली की तिला संरक्षण हवे असते. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाणिज्य मंत्रालयाच्या व्यापार-उपाय महासंचालनालयाने चीन, जपान, कोरिया, तैवान, अमेरिका आदी देशांच्या पीव्हीसीवर डम्पिंगविरोधी शुल्काची प्राथमिक शिफारस केली. रेझिन बनवणारे बाजूने, पाइप बनवणाऱ्यांतले अनेक छोटे उद्योजक विरोधात, आणि शेवटी नळी विकत घेणारा कुठेच नाही. जालन्याच्या पोलाद उद्योगाकडे पाहिले तर फरक उमजतो. लोखंडाची एकही खाण नसताना इथे देशविदेशचे भंगार वितळवून सळई बनते, तिचा दर ठरवताना इथल्या कारखानदारांच्या शब्दाला किंमत आहे, २०१५ च्या डिसेंबरात ड्राय पोर्टची पायाभरणी झाली तीही या उद्योगाचे वजन असल्यामुळेच. प्लास्टिकच्या बाबतीत जिल्हा निव्वळ ग्राहक आहे, आणि विखुरलेला ग्राहक आहे. त्याच्या बाजूने करता येण्यासारखी गोष्ट साधी आहे: पाइप, लॅटरल आणि अस्तराच्या अनुदानाचा मापदंड दाण्याच्या भावाशी जोडावा आणि दर तिमाहीला बदलावा, जशी सरकारी बांधकामांच्या कंत्राटांत पोलाद-सिमेंटच्या भावफरकाची तरतूद असते.

राहतो तो सगळ्यात अवघड आक्षेप, कचऱ्याचा. शेततळ्याचा कागद उन्हात किती वर्षे टिकेल ते त्याच्या दर्जावर आणि तो झाकून ठेवण्यावर अवलंबून. पण २०१२ ते २०१७ या काळात घातलेले कितीतरी कागद आता बदलावे लागत आहेत. जुना कागद आधी कडब्याच्या गंजीवर आणि कांद्याच्या चाळीवर जातो, मग भंगारवाल्याकडे, आणि मातीने माखलेला, उन्हाने ठिसूळ झालेला, मग बांधावर किंवा आगीत. मल्चिंगचा पंचवीस-तीस मायक्रॉनचा कागद तर एका हंगामात चिंध्या होऊन रानात मिसळतो. त्याचा बचाव मला करता येत नाही. २०१६ चे प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम आणि २०२२ च्या मार्गदर्शक सूचना यांनी उत्पादकावर विस्तारित जबाबदारी टाकली, ती वेष्टनाच्या प्लास्टिकपुरती. याचा जालन्यातला अर्थ असा की कपाशीच्या बियाण्याच्या एका पाकिटाचा, त्या काही ग्रॅम प्लास्टिकचा, हिशेब बियाणे कंपनीला द्यावा लागतो. त्याच शेतातल्या तळ्याखालच्या अर्ध्या टनाचा हिशेब कुणाकडेच नाही. तो कागद एकाच प्रकारच्या पॉलिथिलीनचा, मोठ्या तुकड्यांचा, कुणाच्या शेतात किती आहे हे अनुदानाच्या नोंदीत लिहिलेला. परत गोळा करायला यापेक्षा सोपे प्लास्टिक सापडणार नाही. अस्तराला अनुदान देतानाच जुना कागद परत घेण्याचा करार पुरवठादाराशी करावा, तालुक्याला एक धुलाई केंद्र असावे, आणि त्यातून निघालेला दाणा पुन्हा जालन्याच्याच औद्योगिक वसाहतीत वापरावा. भंगारातून सळई काढणाऱ्या या शहराला त्या कामाची कुवत आहे, आणि पहिल्या पिढीचे कागद उखडले जात आहेत तेही आत्ताच.